सीआरपी वाढला म्हणजे ऑक्सिजन उतरला असं नसतं

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये, घरोघरच्या ग्रुपवर दोन तऱ्हेचे मेसेज पडायचे, "काकांचा सीआरपी ४० आलाय" आणि "काकूंचा ऑक्सिजन ९२ दाखवतोय", आणि धाबं दणाणायचं ते काकांच्या मेसेजने, कारण लॅबचा कागद, आकडा ठळक, बाजूला हाय लिहिलेलं. खरी धावपळ करायला हवी होती काकूंसाठी.

ऑक्सिजन, श्वास, नाडी, बीपी, ताप यांवरून शरीर आत्ता कसं तग धरून आहे ते कळतं. रक्ताचे रिपोर्ट आत किती दाह पेटलाय, गुठळ्या होतायत का, असला अंदाज देतात, आणि तोही मागेपुढे. सीआरपी म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, ते लिव्हर बनवतं, दाह सुरू झाल्यावर काही तासांनी तो चढायला लागतो आणि दीड-दोन दिवसांनी सगळ्यात वर पोचतो, शिवाय त्याला कोरोनाच लागतो असंही नाही, दाढेत पू झाला तरी वाढतो. डी-डायमर म्हणजे गुठळी विरघळताना पडणारे तुकडे, तो वयानुसार, गरोदरपणात, ऑपरेशननंतरही जास्त असतो. त्यात युनिटचा घोळ, एका लॅबचा ०.५ तोच दुसऱ्या लॅबचा ५००, आणि नातेवाईक हाय खाऊन बसतात!

केंद्र सरकारच्या गाइडलाइनमध्ये सौम्य, मध्यम, गंभीर हे ठरायचं श्वास आणि ऑक्सिजनवर. श्वास मिनिटाला २४ किंवा जास्त, किंवा ऑक्सिजन ९० ते ९३ म्हणजे मध्यम, श्वास ३० च्या वर किंवा ऑक्सिजन ९० च्या खाली म्हणजे गंभीर. हे ठरवण्यात सीआरपीचं नावही नव्हतं.

श्वास मोजायला तर कुणी बसतच नाही, फुकट आहे म्हणून असेल. पेशंटला न सांगता मोजायचा बरं का, सांगितलं की माणूस आपोआप हळू श्वास घेतो, म्हणून नाडी बघतोय असं दाखवत मनगट धरायचं आणि पूर्ण एक मिनिट छाती किती वेळा वर येते ते मोजायचं. बसल्या जागी ऑक्सिजन ठीक असेल तर बोटाला ऑक्सिमीटर लावून घरातच ६ मिनिटं चालायला लावायचं, आकडा ९३ च्या खाली गेला किंवा तीनहून जास्त घसरला तर हॉस्पिटल गाठायचं, पेशंट "मला काही होत नाहीये" म्हणाला तरी, कारण या आजारात ऑक्सिजन उतरूनही दम न लागणारे पेशंट बरेच होते. ऑक्सिमीटरही फसतो म्हणा, नेलपेंट, मेंदी, गार बोटं, आणि सावळ्या कातडीवर कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो.

आता या गोंधळाने नुकसान काय झालं, तर स्टेरॉइड. ब्रिटनच्या रिकव्हरी नावाच्या औषधांच्या ट्रायलने जून २०२० मध्येच दाखवलं होतं की डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने ऑक्सिजनवर असलेल्यांचे जीव वाचतात, ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना फायदा नाही. तरी नुसता सीआरपी बघून घरच्या घरी गोळ्या सुरू झाल्या, शुगर हाताबाहेर गेल्या, आणि पुढे काळ्या बुरशीला आयतं रान मिळालं.

म्हणून रक्त तपासूच नये असं नाही हां, ॲडमिट पेशंटला ते हवंच. ॲडमिट पेशंटच्या जिवाला किती धोका आहे ते काढणाऱ्या ब्रिटनमधल्या ४सी स्कोअरमध्ये वय आणि जुन्या आजारांसोबत श्वास, ऑक्सिजन, युरिया, सीआरपी सगळं धरतात. त्याच रिकव्हरी ट्रायलमध्ये टोसिलिझुमॅब या दाह कमी करणाऱ्या इंजेक्शनसाठी पेशंट घेताना ऑक्सिजन ९२ च्या खाली किंवा बाहेरून लावलेला, आणि सीआरपी ७५ किंवा वर, अशा दोन्ही अटी होत्या, नुसत्या सीआरपीवर ते इंजेक्शन कुणाला दिलं नव्हतं.