थंडीतली टोमॅटोची रोपं आणि सोलापूरचा उन्हाळा

घरात टोमॅटोची रोपं कशी करावीत, हे सांगणारे व्हिडिओ पाहिले की एक वाक्य हमखास कानावर पडतं: तुमच्याकडचं शेवटचं हिम पडण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी बी पेरा. सोलापुरात बसून याचं करायचं काय? जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत पहाटे शाल लागते, एखादी रात्र ११-१२ अंशांपर्यंतही उतरते, पण डिसेंबर-जानेवारीचं सरासरी किमान तापमान १५-१६ अंश आणि दुपार ३० अंशांची. टोमॅटोचं रोप या थंडीनं मरत नाही. तरीही थंडीतच बी टाकायचं आणि पहिले काही दिवस ते घरात ठेवायचं, यामागं कारण आहे. फक्त ते मागच्या हिमाचं नसून पुढच्या उन्हाळ्याचं आहे.

एप्रिलमध्ये गच्चीवर टोमॅटो लावणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते: झाड हिरवंगार आहे, फुलंही येतात, पण टिकत नाहीत. देठाच्या मधोमध जी छोटी गाठ असते, तिथून फूल तुटून पडतं. खतं बदलली जातात, ताक फवारलं जातं, शेवटी बियाणं कंपनीला दोष दिला जातो. खरा दोष परागकणांच्या वाढीत असतो. परागकण सर्वांत नाजूक असतात ते फूल उमलण्याच्या आठ-दहा दिवस आधी, कळी अगदी लहान असताना. त्या दिवसांत उष्णता जास्त असली तर परागकणांना पुरेशी साखर मिळत नाही आणि ते पोकळ राहतात. काही जातींत फुलातली कुक्षी, म्हणजे परागकण झेलणारं टोक, परागकोशांच्या नळीबाहेर डोकावू लागते, त्यामुळे फुलाचे स्वतःचे परागकणही तिच्यापर्यंत पोचत नाहीत. फलधारणा झाली नाही की झाड ते फूल सोडून देतं. दिवस-रात्र मिळून सरासरी तापमान २५ अंशांवरून २९ वर गेलं तरी फळधारणा चांगलीच घटते, असं प्रयोगांत दिसलेलं आहे. सोलापूरची ही सरासरी फेब्रुवारीत २६ च्या आसपास असते, मार्चमध्ये २९ च्या. पुढचं सांगायला नको.

फळं धरली तरी रंगाची अडचण उरते. टोमॅटोला लाल करणारं लायकोपिन ३०-३२ अंशांच्या वर नीट तयार होत नाही, पिवळी-केशरी रंगद्रव्यं मात्र होत राहतात. एप्रिल-मे मधली फळं देठाकडे पिवळट राहतात ती त्यामुळे.

म्हणून हिशोब उलटा मांडायचा. निदान पहिले तीन-चार घोस मार्चच्या मध्यापर्यंत धरायला हवेत. लागवडीनंतर फुलं यायला महिनाभर लागतो आणि रोप लावण्याजोगं व्हायला चार-पाच आठवडे. म्हणजे बी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आणि लागवड संक्रांतीच्या आसपास. बी संक्रांतीला टाकलं तर फुलं नेमकी तापलेल्या मार्चमध्ये येतात.

आता घराचा उपयोग. टोमॅटोचं बी किती दिवसांत वर येतं हे जवळजवळ पूर्णपणे मातीच्या तापमानावर ठरतं. कॅलिफोर्नियातल्या जुन्या प्रयोगांचे आकडे आजही वापरले जातात: माती १० अंश असेल तर ४३ दिवस, १५ अंशांना १४, २० अंशांना ८, आणि २५ ते ३० अंशांना अवघे ६. दुपारी ३० अंश असतात मग चिंता कसली, असं वाटेल. इथं सोलापूरची कोरडी हवा आडवी येते. ओलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरलेला ट्रे उघडा ठेवला की तो माठासारखा वागतो. पाण्याची वाफ होते आणि ती ट्रेमधली उष्णता घेऊन जाते. हवा २८ अंशांची आणि आर्द्रता ३० टक्के असेल, तर ओला पृष्ठभाग १७ अंशांच्या जवळपास उतरू शकतो. खोलीत तुम्हाला उकडत असतं आणि बी मात्र गारठलेलं असतं!

उपाय साधा आहे. बी अर्धा-पाऊण सेंटीमीटर खोल टाका, ट्रे एकदाच नीट भिजवा आणि वर प्लास्टिकचा कागद घट्ट झाका. वाफ अडली की गारवाही अडला. रोपवाटिकेत भरलेले प्रोट्रे (रोपांसाठीचे खाचांचे ट्रे) एकावर एक रचून काळ्या प्लास्टिकनं गुंडाळून ठेवतात, त्यामागंही हेच आहे. घरात जागा स्वयंपाकघरातली, शेगडीपासून हातभर लांबच्या फळीवर. रात्री स्लॅबच्या घरात उघड्यापेक्षा चार-पाच अंश जास्त असतात, तेवढे पुरतात. या टप्प्यावर उजेड लागत नाही.

पण चौथ्या दिवसापासून रोज सकाळी झाकण उचलून बघायचं. पहिला वाकडा कोंब दिसला की प्लास्टिक काढायचं आणि ट्रे त्याच दिवशी उजेडात न्यायचा. घरातली रोपं बिघडतात ती बहुतेक इथं. खिडकीजवळचा उजेड आपल्याला भरपूर वाटतो, कारण डोळा जुळवून घेतो. आकडे वेगळंच सांगतात. बाहेर दुपारच्या उन्हात ८०-९० हजार लक्स (उजेड मोजायचं एकक) असतात, खिडकीपाशी ऊन थेट येत नसेल तर दोन-तीन हजार, खोलीच्या मध्यभागी दोन-तीनशे. कमी उजेडात कोंबाला वाटतं की आपण अजून मातीखाली किंवा दुसऱ्या झाडाच्या सावलीत आहोत. मग तो सगळी शिल्लक दांडा लांबवण्यात खर्च करतो. दोन दिवसांत रोप बोटभर उंच, पांढरट आणि लुळं होतं. लोक याला 'छान वाढलंय' म्हणतात, ते मला पाहवत नाही.

सोलापूर साडेसतरा अंश अक्षांशाच्या थोडं उत्तरेला आहे. मे महिन्यात इथं सूर्य डोक्यावर येतो, पण डिसेंबरच्या दुपारी तो दक्षिणेकडे कलून क्षितिजापासून ४९ अंशांवर असतो. त्यामुळे थंडीत दक्षिणेची बाल्कनी किंवा खिडकीचा कट्टा हीच रोपांची जागा, चांगलं पाच-सहा तास ऊन येतं. दिवसही अकरा तासांचा असतो. उत्तर युरोपात या दिवसांत तो जेमतेम सात-आठ तासांचा, म्हणून तिकडे दिव्यांचा एवढा खटाटोप. आपल्याकडे ज्यांच्या फ्लॅटला ऊनच नाही त्यांनी साधी पांढरी एलईडी ट्यूब रोपांच्या वर वीतभर अंतरावर धरावी, १४-१६ तास. चोवीस तास नको. अखंड उजेडात टोमॅटोची पानं पिवळी पडतात.

माझं मत असं की उगवण झाल्यावर रोप रात्रीही आत आणू नये. बीजपत्रं, म्हणजे कोंबाची पहिली दोन पानं, उघडल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत, आपल्याला इवलंसं दिसणाऱ्या रोपाच्या शेंड्यात पहिल्या घोसाची जुळणी सुरू झालेली असते. त्या काळात रात्री १४-१५ अंशांच्या मिळाल्या तर पहिला घोस कमी पानांनंतर, म्हणजे खाली आणि लवकर येतो आणि त्यात फुलंही जास्त असतात. थंड देशांतल्या काचघरांतून हा गारवा मुद्दाम दिला गेला आहे. सोलापूरच्या बाल्कनीत तो फुकट मिळतो. शिवाय बाहेरचा वारा रोपाला हलवतो, आणि हलणारं रोप बुटकं, जाड दांड्याचं होतं. आत ठेवलेल्या रोपांवरून रोज हळूच हात फिरवला तरी तोच परिणाम होतो.

बाहेर ठेवलं की पांढरी माशी येते, ही भीती खरी आहे. पानं आखडून झाड खुजं करणारा लीफ कर्ल विषाणू तीच पसरवते, आणि लागण जितकी लहान वयात तितकं नुकसान मोठं. डासांची जाळी इथं कुचकामी. माशी जेमतेम एक मिलिमीटरची असते, सहज आत शिरते. ४० ते ५० मेशची (इंचाला तेवढी छिद्रं असलेली) कीडरोधक नायलॉन जाळी तारेच्या कमानींवर ताणून कडा दाबून टाका. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा 'अर्का रक्षक' हा संकरित वाण या रोगाला तोंड देतो.

माती म्हणाल तर शेतातली काळी माती ट्रेमध्ये नको. ओली असताना हवा अडवते, वाळली की भेगाळते. कोकोपीट आणि गांडूळखत पुरे. पाणी सकाळी, तेही वरचा थर कोरडा दिसल्यावर. सतत ओल राहिली की पिथियमसारख्या जंतूंनी दांडा मातीलगत कुजतो आणि रोप रातोरात मान टाकतं. बोअरचं पाणी फार क्षारट असेल आणि ट्रेच्या कडांना पांढरा थर धरत असेल, तर रोपांपुरतं नळाचं पाणी साठवून वापरा.

चार-पाच खरी पानं आली की लागवड करा, ऊन उतरल्यावर. रोप लांबलंच असेल तर खालची पानं काढून दांडा पानांपर्यंत मातीत गाडा. टोमॅटोच्या दांड्याला जिथं ओली माती लागते तिथं नवी मुळं फुटतात. वांग्या-मिरचीवर मात्र हा प्रयोग करू नका. आणि बी टाकायला जानेवारीचा मध्य उजाडलाच, तर मोठ्या फळांच्या वाणाऐवजी चेरी टोमॅटो निवडा. उन्हात तो तुलनेनं बरा धरतो, मार्चपासून वर ३५ टक्क्यांची शेडनेट बांधली तर आणखी बरा.