गरोदर बाईची एचआयव्ही चाचणी आणि एआरटी नोंदणी : मुंबईत कुठे जायचं, कोणते कागद लागतात

गरोदरपणी हॉस्पिटलात नाव घातलं की बाकीच्या रक्ततपासण्यांबरोबर एचआयव्हीचीही चाचणी होते. नवऱ्याची तेव्हा होतेच असं नाही. त्यामुळे बाईचा रिपोर्ट आधी येतो आणि आजार तिनेच आणला, असा ठपका तिच्यावर बसतो. हा अन्याय आहे, कारण लागण कधी झाली आणि कोणाकडून झाली, हे या रिपोर्टवरून कळतच नाही. नवऱ्याचीही चाचणी त्याच केंद्रात लगेच करून घ्या.

केईएम, सायन, नायर, जेजे अशा हॉस्पिटलांतल्या आयसीटीसी केंद्रांत (एचआयव्हीचं समुपदेशन आणि चाचणी करणाऱ्या केंद्रांत) चाचणी मोफत होते. लग्न झालंय का, रेशनकार्ड कुठलं, याची अट नाही. वय १८ पूर्ण असेल तर फक्त तुमची संमती लागते, नवऱ्याची किंवा सासूची सही लागत नाही. त्याहून लहान मुलीसाठी पालकांची संमती घेतात. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली तर आणखी दोन वेगळ्या किटवर तपासून मगच रिपोर्ट देतात.

रिपोर्ट पॉझिटिव्ह असेल तर पुढची नोंदणी एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीचे उपचार देणाऱ्या केंद्राला. आयसीटीसीचा रिपोर्ट, फोटो असलेलं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा न्या. भाड्याच्या खोलीचा कागद नसेल तर घरी परतू नका, समुपदेशकाला तसं सांगा. कागदासाठी उपचार अडायला नकोत. जास्त घोळ होतो तो मोबाइल नंबरचा. नवऱ्याचा किंवा शेजारणीचा नंबर दिला, तर तारीख चुकल्यावर फोन तिकडे जातो. नंबर स्वतःचाच द्या, आणि कोणत्या वेळी फोन नको तेही लिहून घ्यायला सांगा.

घरी कळलं तर मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी भीती असेल, तर तीही समुपदेशकाला स्पष्ट सांगा. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार अशा वेळी डॉक्टरांनी जोडीदाराला परस्पर कळवायचं नसतं.

सीडी४ (प्रतिकारशक्ती दाखवणाऱ्या पेशींची संख्या) कितीही असो, औषध सुरू होतं. बहुतेकींना दिवसाला एकच गोळी असते. तिच्यात डोल्युटेग्राविर नावाचं औषध असतं. गरोदरपणातल्या लोह-कॅल्शियमच्या गोळ्या उपाशीपोटी तिच्यासोबत घेतल्या तर ते अंगी कमी लागतं. म्हणून एचआयव्हीची गोळी लोह-कॅल्शियमच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्या. जेवणाबरोबर घेत असाल तर सगळ्या एकत्र चालतात.

बाळंतपणाला माहेरी जाणार असाल तर निघण्याआधी सेंटरला सांगा. तिकडच्या एआरटी सेंटरसाठी चिठ्ठी आणि तोवर पुरतील इतक्या गोळ्या मागून घ्या. उपचारांची हिरवी पुस्तिका सोबत ठेवा. ती घरीच राहिली तर नव्या डॉक्टरांना काय चालू आहे ते कळत नाही, आणि नेमका तेव्हाच गोळ्यांचा खंड पडतो.

बाळाला जन्मल्यावर लगेच औषधाचं सिरप सुरू होतं, ते किमान ६ आठवडे. अंगावर पाजत असाल तर पहिले ६ महिने वरचं दूध मिसळू नका. बाळाची पहिली चाचणी ६ आठवड्यांनी होते, शेवटची १८ महिन्यांनी. काही अडलं तर १०९७ ला फोन करा, तो मोफत आहे.