पावसाने सामना थांबतो तेव्हा पैजेचं काय होतं?

२७ ऑक्टोबर २००८ची रात्र. फिलाडेल्फियाच्या सिटिझन्स बँक पार्कवर वर्ल्ड सीरिजचा, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, पाचवा सामना चालू होता. यजमान फिलाडेल्फिया फिलीज मालिकेत ३-१ ने पुढे होते. हा सामना जिंकला की अजिंक्यपद त्यांचंच. नऊपैकी पाच इनिंग झाल्या (एका इनिंगमध्ये दोन्ही संघ एकेकदा बॅटिंग करतात) तेव्हा ते २-१ ने आघाडीवर होते, पण पावसाचा जोर वाढत गेला, मैदानात चिखल झाला आणि सहाव्या इनिंगमध्ये टँपा बे रेजने बरोबरी साधली. २-२ वर खेळ थांबला तो सुमारे ४६ तास. फिलीजचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, कोल हॅमल्स तोवर ७५ चेंडू टाकून चांगल्या लयीत होता. २९ तारखेला खेळ सुरू झाला तेव्हा बॅटिंगची पहिली पाळी त्याचीच होती, पण त्याच्या जागी जेफ जेंकिन्स उतरला. हॅमल्सचा सामना आणखी एकही चेंडू न टाकता तिथेच संपला. फिलीजने तो सामना ४-३ ने जिंकला, तरी हॅमल्सच्या भरवशावर ज्यांनी पैसे लावले होते त्यांच्या पैजेचा आधार मात्र पावसाने केव्हाच काढून घेतला होता.

बेसबॉलच्या सट्ट्यात भाव ठरतो तो मोठ्या प्रमाणात सुरुवातीच्या पिचरवर. म्हणूनच अमेरिकेत पैज लावताना ‘जाहीर झालेला पिचर उतरला नाही तर पैसे परत’ अशी अट घालायची जुनी सोय आहे. पण तो उतरला, दोन इनिंग टाकल्या आणि मग पाऊस आला, तर ही अट कामाला येत नाही. पैज कायम राहते, पिचर मात्र बदललेला असतो.

तो का बदलतो, हे शरीरशास्त्रात आहे. ताशी १५० किलोमीटर वेगाने चेंडू फेकणारा खांदा गरम असावा लागतो. स्नायूचं तापमान वाढलं की मज्जातंतूंचे संदेश वेगाने धावतात, आकुंचन झटपट होतं, स्नायू आणि स्नायुबंधांचा ताठरपणा कमी होतो. खेळ थांबला की ही ऊब उतरू लागते. आतल्या सराव-जाळीत हलके चेंडू टाकून ती टिकवता येते, पण तो प्रत्येक चेंडूही खांद्यावरचा भारच असतो. त्यामुळे खोळंबा तासाभराच्या पुढे गेला की बहुतेक मॅनेजर सुरुवातीच्या पिचरला पुन्हा मैदानात पाठवत नाहीत. कोट्यवधी डॉलरच्या हाताशी कुणी खेळत नाही, आणि ते योग्यच आहे. मग राखीव पिचरांना ठरल्यापेक्षा तीन-चार इनिंग आधीच यावं लागतं. त्याचा थकवा दुसऱ्या दिवशीच्या सामन्यातही दिसतो.

आता नियमांकडे येऊ. क्रिकेटमध्ये पावसाने षटकं कमी झाली की डकवर्थ-लुईस-स्टर्न पद्धत लक्ष्य बदलून देते. बेसबॉलमध्ये असं काही नाही. खेळ थांबवल्यावर अंपायरांना किमान ३० मिनिटं वाट पाहावी लागते. त्यानंतरही खेळ शक्य नसेल आणि पाच इनिंग पूर्ण झाल्या असतील, तर साखळी सामन्यात जो पुढे तो विजयी. यजमान संघ पुढे असेल तर साडेचार इनिंगही पुरतात. कोण जिंकणार यावरची पैज सहसा याच हिशेबाने निकालात निघते. पण दोन्ही संघांच्या मिळून धावा अमुकपेक्षा जास्त की कमी, या पैजेला बहुतेक ठिकाणी पूर्ण नऊ इनिंग लागतात, यजमान पुढे असेल तर साडेआठ. म्हणजे एकाच सामन्यावरची एक पैज जिंकलेली आणि दुसरी रद्द, असंही होतं. बारीकसारीक अटी कंपनीगणिक वेगळ्या.

सामना लवकर गुंडाळला गेला तर फायदा कुणाचा? मला यातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो. चांगल्या संघाची सरासरी आघाडी इनिंगच्या संख्येच्या प्रमाणात वाढते, पण नशिबाचा चढउतार त्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणून गुणवत्ता नशिबावर किती मात करते, तेही वर्गमुळाच्याच हिशेबात येतं. नऊचं वर्गमूळ ३, पाचचं २.२४. म्हणजे पाच इनिंगच्या सामन्यात गुणवत्तेची पकड तीन चतुर्थांश उरते. नऊ इनिंगमध्ये ज्या संघाची जिंकण्याची शक्यता ६० टक्के, त्याची पाच इनिंगमध्ये सुमारे साडेसत्तावन्न. फरक क्षुल्लक वाटेल, पण पैशात मोजू. ६० टक्क्यांचा रास्त भाव म्हणजे १५० डॉलर लावून १०० जिंकणं. पाच इनिंगमध्येच सामना संपणार असेल, तर त्या भावात १५० डॉलरमागे सरासरी सव्वासहा डॉलर तोटा होतो. पाऊस दुबळ्या संघाच्या बाजूने असतो, असा याचा अर्थ. (गणित सोपं राहावं म्हणून बरोबरीची शक्यता मी बाजूला ठेवली आहे.)

हवेचाही हात असतो. दमट हवा जड असते हा सार्वत्रिक समज चुकीचा आहे. पाण्याचा रेणू नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेणूंपेक्षा हलका, म्हणून दमट हवा किंचित विरळच असते. मात्र वादळी पावसाबरोबर ढगातून खाली कोसळणारी हवा तापमान झटकन उतरवते आणि थंड हवा दाट असते. साडेपाच अंश सेल्सिअसने पारा उतरला तर होम रनच्या (थेट सीमेपार जाणाऱ्या फटक्याच्या) वाटेवरचा चेंडू साधारण मीटरभर अलीकडे पडतो. वाऱ्यापुढे हे काहीच नाही. पाठीमागून ताशी ८ किलोमीटरचा वारा असेल तर तोच चेंडू सुमारे पाच मीटर पुढे जातो. वादळ सरकून गेल्यावर वाऱ्याची दिशाच बदललेली असू शकते. शिकागोच्या रिग्ली फील्डवर मिशिगन सरोवराकडून येणारा वारा इतका निर्णायक असतो की धावांचा भाव लावायला बुकी वाऱ्याचा अंदाज येईपर्यंत थांबतात.

शिवाय ओला चेंडू. बोटांची पकड सैल झाली की चेंडूची फिरकी आणि दिशा दोन्ही बिघडतात. पिचरसाठी मैदानात राळेची पुडी ठेवलेली असते, आणि पाऊस असला की अंपायर ती मागच्या खिशात ठेवायला सांगू शकतात.

एवढं सगळं कळल्यावर वाटतं, रडार पाहून चार पैसे कमवता येतील. पण तेच रडार सट्टा कंपन्याही पाहतात, आणि ढग दिसताच भाव हलतो. तुल्यबळ पैजेत ११० डॉलर लावले तर १०० मिळतात, म्हणजे नुसतं बरोबरीत सुटायलाच १०० पैकी साधारण ५२.४ वेळा जिंकावं लागतं. हवामानातून मिळणारी आघाडी आधी या अडीच टक्क्यांतून पार पडली पाहिजे, आणि ज्या दिवशी अंदाज सगळ्यांना सारखाच ठाऊक असतो त्या दिवशी ती आधीच भावात मुरलेली असते.