अलास्कात अस्वलाची शिकार: गाईड कधी बंधनकारक, कधी ऐच्छिक? पात्रता, परवाने आणि कागदपत्रे

अलास्कात अस्वलाच्या शिकारीला जायचं मनात आलं की बहुतेक जण आधी खर्चाचा हिशोब मांडतात आणि गाईडचा आकडा बघून थबकतात. पण गाईड घ्यायचा की नाही हा पैशांच्या आधी कायद्याचा प्रश्न आहे. अनेकांच्या बाबतीत तो कायद्यानेच सोडवून टाकलेला असतो, आणि ज्यांच्या हातात खरोखर निवड आहे त्यांच्यासाठी त्याचं उत्तर वेगळं निघतं.

भारतात असा प्रश्नच येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ताडोबा-मेळघाटातलं आपलं अस्वल अनुसूची १ मध्ये आहे आणि त्याची शिकार हा गंभीर गुन्हा आहे. पुढची सगळी माहिती फक्त अलास्का राज्याची आहे, आणि ती मुख्यतः अमेरिकेत राहणाऱ्या किंवा तिथे जाऊ पाहणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे.

आधी आपला गट ओळखा

अलास्काचा फिश अँड गेम विभाग शिकाऱ्यांचे तीन गट करतो. सलग १२ महिने ज्याचं कायमचं घर अलास्कात आहे, जो तिथेच राहणार आहे आणि दुसरीकडे कुठे रहिवासाचे फायदे घेत नाही, तो रहिवासी. त्यासाठी अमेरिकेचं नागरिकत्व लागतंच असं नाही. अमेरिकेच्या इतर राज्यांत राहणारे ते बिगर-रहिवासी. आणि जो अमेरिकेचा नागरिक नाही व ज्याचं कायमचं घरही अमेरिकेत नाही, तो परदेशी बिगर-रहिवासी. पुण्याहून पर्यटक व्हिसावर येणारा माणूस सरळ या तिसऱ्या गटात जातो.

एच-१बी किंवा एल-१ या नोकरीच्या व्हिसावर टेक्सास, न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी आपला गट मनाने ठरवू नये. आपली व्हिसाची स्थिती आणि किती वर्षं कुठे राहतो ते विभागाला ईमेलने कळवावं, लेखी उत्तर घ्यावं आणि मगच परवाना काढावा. चुकीच्या गटाचा परवाना घेऊन शिकार करणं हा तिथे गुन्हा आहे, आणि व्हिसावर असलेल्या माणसाला असा गुन्हा नावावर लागणं परवडत नाही.

गाईड कोणाला घ्यावाच लागतो

रहिवाशांना सक्ती नाही.

बिगर-रहिवासी अमेरिकी नागरिकाला तपकिरी अस्वल म्हणजेच ग्रिझ्ली, डॉल मेंढी आणि पहाडी बकरा या तीन प्राण्यांसाठी अलास्काचा परवानाधारक गाईड सोबत असणं बंधनकारक आहे. काळ्या अस्वलासाठी नाही. परदेशी बिगर-रहिवाशाला मात्र कोणत्याही मोठ्या प्राण्यासाठी गाईड लागतोच, काळं अस्वलही त्यात आलं.

अमेरिकी नागरिकाला एक पर्याय आहे, तो नातेवाइकाचा. अलास्काचा रहिवासी असलेला, किमान १९ वर्षांचा जवळचा नातेवाईक प्रत्यक्ष सोबत असेल तर गाईडशिवाय चालतं. आईवडील, भावंडं, मुलं, पती किंवा पत्नी, आजीआजोबा, नातवंडं, सासूसासरे, जावई, सून, मेहुणा, मेहुणी, दीर, नणंद आणि सावत्र आईवडील, भावंडं व मुलं एवढ्यांची गणना त्यात होते. काका, मामा, आत्या, मावशी, पुतण्या, भाचा, चुलतभाऊ, मावसभाऊ यांपैकी कोणीही त्यात बसत नाही. आपल्याकडे चुलतभाऊ सख्ख्यासारखाच वाढतो, त्यामुळे इथे गल्लत होणं सोपं आहे, पण अलास्काचा कायदा ते नातं मोजत नाही. अँकरेजला राहणारा जिवलग मित्रही चालत नाही, आणि परवाना नसताना त्याने पैसे घेऊन तुम्हाला नेलं तर तो गुन्हा ठरतो. परदेशी बिगर-रहिवाशाला नातेवाइकाची ही सवलत नाही.

निवड तुमच्या हातात असेल तर

म्हणजे अमेरिकी नागरिक आणि काळं अस्वल. इथे माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या खेपेला गाईड घ्यावा. जिवाचा धोका हे एक कारण आहेच, पण मला त्याहून मोठं वाटतं ते मादीचं.

पिल्लांना आणि पिल्लांसोबतच्या मादीला मारायला मनाई आहे. काळ्या अस्वलाची मादी चरायला उतरताना पिल्लांना बऱ्याचदा झाडावर चढवून ठेवते. लांबून दुर्बिणीत एकटंच अस्वल गवत खाताना दिसतं. अनुभवी गाईड अशा वेळी घाई करू देत नाही. तो थांबून आजूबाजूची झाडं न्याहाळतो, डोकं बघतो. मोठ्या नराचं डोकं रुंद असतं, त्यामुळे कान लहान आणि एकमेकांपासून लांब, कडेला सरकल्यासारखे वाटतात. मादीचे किंवा तरुण अस्वलाचे कान डोक्याच्या मानाने मोठे आणि उभे दिसतात. वाचून हे सोपं वाटतं. संधिप्रकाशात, पावसात, दोनशे मीटरवरून ते ओळखायला वर्षं लागतात, आणि चुकलं तर झाडावरची पिल्लं आईविना मरतात.

रंगही फसवतो. काळं अस्वल तपकिरी असू शकतं आणि ग्रिझ्ली बरंच गडद असू शकतं. खांद्यावरचा उंचवटा, आत दबलेला चेहरा आणि पुढच्या पंजाची लांब नखं ही ग्रिझ्लीची खूण. गाईडशिवाय गेलेल्या बिगर-रहिवाशाने काळं समजून ग्रिझ्ली मारली, तर टॅग (मारलेल्या प्राण्याला लावायची, आधी विकत घेतलेली खूणपट्टी) नाही आणि गाईडही नाही, असे दोन्ही गुन्हे एकदम होतात.

गाईड घेण्या-न घेण्याने काही ठिकाणी अर्जाची वाटच बदलते. शिकारीच्या नियमांसाठी अलास्काचे क्रमांक दिलेले भाग पाडले आहेत, त्यांना युनिट म्हणतात. आग्नेय अलास्कातल्या युनिट १ ते ३ मध्ये, ज्यात प्रिन्स ऑफ वेल्स बेट येतं, गाईडशिवाय काळ्या अस्वलाची शिकार करू पाहणाऱ्या बिगर-रहिवाशाला सोडतीत परवाना लागावा लागतो. गाईडसोबत जाणाऱ्याला ती सोडत नाही.

ज्याने हरिण-एल्कच्या शिकारी स्वतः केल्या आहेत, मांस पाठीवर वाहून आणलं आहे आणि अस्वलं तासन् तास नुसती बघितली आहेत, त्याने एकट्याने जायला माझी हरकत नाही. एक लक्षात ठेवा: १ जानेवारी ते ३१ मे या काळात बहुतेक युनिटमध्ये काळ्या अस्वलाचं खाण्याजोगं मांस बाहेर आणणं सक्तीचं आहे. ते ओझं उचलायला माणसं हवीत.

गाईड खरा आहे का, हे कसं तपासायचं

गाईडना परवाना बिग गेम कमर्शियल सर्व्हिसेस बोर्ड देतं आणि तो राज्याच्या संकेतस्थळावर नाव टाकून तपासता येतो. शिकारीचा करार फक्त रजिस्टर्ड किंवा मास्टर गाईडच करू शकतो. सहाय्यक गाईड तुमच्यासोबत रानात येऊ शकतो, पण त्याच्याशी थेट व्यवहार करू नका.

सगळ्यात जास्त घोटाळा ट्रान्सपोर्टरच्या बाबतीत होतो. ट्रान्सपोर्टर हा वेगळा परवाना आहे. तो विमानाने किंवा बोटीने तुम्हाला रानात सोडतो, परत आणतो, राहण्याची सोय करतो. शिकारीत मदत करण्याचा हक्क त्याला नाही आणि कायद्याने तो गाईड धरला जात नाही. त्याचा दर बराच कमी असतो, म्हणून लोक भुलतात. ग्रिझ्लीसाठी फक्त ट्रान्सपोर्टर घेऊन गेलात तर तुम्ही बेकायदा शिकार करत आहात.

गाईडला एका वेळी ठरावीक क्षेत्रांतच काम करता येतं, जास्तीत जास्त तीन. तुमची शिकार ज्या क्षेत्रात आहे तिथे त्याची नोंदणी आहे का, आणि जमीन संघीय अभयारण्याची असेल, जसं कोडियाक बेटावर, तर तिथला विशेष वापर परवाना त्याच्याकडे आहे का, हे करारावर सही करण्याआधी विचारा. रानात प्रत्यक्ष कोण सोबत असेल, हवामानाने दिवस बुडाले तर काय, विमानाचा खर्च कोणाचा, जखमी होऊन पळालेल्या अस्वलाचं काय, हे सगळं लेखी हवं. युनिट १ ते ५ आणि ८ मध्ये जखमी केलेलं अस्वलही त्या वर्षाच्या तुमच्या मर्यादेत धरलं जातं.

शुल्क आणि अर्ज

वार्षिक शिकार परवाना बिगर-रहिवाशाला १६० डॉलर, परदेशी बिगर-रहिवाशाला ६३० डॉलर. त्यावर प्रत्येक अस्वलासाठी लॉकिंग टॅग: काळ्यासाठी अनुक्रमे ४५० आणि ६०० डॉलर, ग्रिझ्लीसाठी १,००० आणि १,३०० डॉलर. पैसे भरण्याच्या दिवशी विभागाचं चालू दरपत्रक एकदा बघून घ्या. टॅग प्रत्यक्ष हातात असावा लागतो आणि अस्वल पडताच तो त्याला लावावा लागतो. ग्रिझ्लीचा टॅग समान किंवा कमी किमतीच्या दुसऱ्या प्राण्यासाठी वापरता येतो, अर्थात त्याचा हंगाम चालू असेल आणि तुम्ही बाकीच्या अटी पाळत असाल तर. गाईडचा खर्च याहून वेगळा आणि कितीतरी मोठा असतो.

कोडियाक म्हणजे युनिट ८. तिथे बहुतेक भागात परवाना सोडतीने मिळतो. सोडतीचे मुख्य अर्ज १ नोव्हेंबर ते १५ डिसेंबर या काळात ऑनलाइन भरायचे असतात आणि निकाल फेब्रुवारीत लागतो. गाईड बंधनकारक असलेल्या प्राण्यासाठी गाईडशी झालेला करार अर्जाच्या वेळीच लागतो, म्हणून गाईड शोधायचं काम दिवाळीच्या आधी उरकलेलं बरं.

जवळ ठेवायची कागदपत्रं:

- पासपोर्ट किंवा सरकारी ओळखपत्र, व्हिसाची कागदपत्रं
- शिकार परवाना, लॉकिंग टॅग आणि लागू असेल तो सोडतीचा किंवा नोंदणीचा परवाना
- गाईडशी केलेला सही-शिक्क्याचा करार, किंवा नातेवाइकाच्या रहिवासाचा व नात्याचा पुरावा
- १ जानेवारी १९८६ नंतर जन्मलेल्यांसाठी शिकार प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र (युनिट ७, १३, १४, १५ आणि २० मध्ये सक्तीचं)

बंदुकीबाबत व्हिसाधारकांनी विशेष जपावं. स्थलांतरित नसलेल्या व्हिसावर अमेरिकेत आलेल्या व्यक्तीला संघीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. वैध शिकार परवाना जवळ असणं हा त्यातल्या अपवादांपैकी एक. म्हणून नेमबाजीच्या सरावासाठीही बंदूक हातात घेण्याआधी परवाना काढा आणि त्याची मुदत संपू देऊ नका. ग्रीनकार्डधारकांना ही अडचण नाही.

शिकारीनंतर

विमानाने उतरलात त्या दिवशी शिकार करता येत नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे ३ नंतरच. प्रवासी कंपनीच्या नियमित विमानाला हा नियम लागू नाही.

ग्रिझ्लीचं कातडं आणि कवटी विभागाच्या कार्यालयात नेऊन सील करून घ्यावी लागते, बहुतेक युनिटमध्ये ३० दिवसांच्या आत. दोन्ही गोठलेली नसावीत. कर्मचारी कवटी मोजतो, वय काढण्यासाठी एक छोटा दात काढून घेतो आणि कातड्याला सील लावतो. नर की मादी हे दाखवणारा अवयव कातड्याला नैसर्गिकरीत्या जोडलेलाच हवा. सोलताना तो कापून टाकला की अडचण होते. चांगला गाईड हे न सांगता सांभाळतो.

कातडं, नखं किंवा दात भारतात आणायचा विचार असेल तर दोन्ही जातींची अस्वलं साइट्स कराराच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या, परिशिष्ट २ मध्ये आहेत. अमेरिकेतून निघताना फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसचा निर्यात परवाना लागतो आणि भारतात कस्टम्सचे व वन्यजीव कायद्याचे नियम लागू होतात. दोन्हीकडची परवानगी लेखी हातात येईपर्यंत बॅगेत एक नखही टाकू नका.