साखरशाळा

साखरशाळा म्हणजे ऊसतोडणी कामगारांबरोबर गाव सोडून आलेल्या मुलांसाठी साखर कारखान्याच्या आवारात किंवा तळाजवळ, गाळप हंगामापुरती चालणारी शाळा. दिवाळीच्या आगेमागे ती भरते आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की उठते. महाराष्ट्रात शाळा गावोगाव पोहोचल्या, तरी या मुलांपर्यंत शिक्षण का पोहोचत नाही, हे समजून घ्यायला साखरशाळेइतके चांगले उदाहरण नाही.

राज्यातला पहिला सहकारी साखर कारखाना १९५०च्या सुमारास प्रवरानगरला उभा राहिला. आता सहकारी आणि खासगी मिळून दोनशेच्या आसपास कारखाने गाळप करतात. ऊस पिकतो तो मुख्यतः कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर या पट्ट्यात. तोडणारे येतात बीड, जालना, धाराशिव आणि अहिल्यानगरच्या पाथर्डी-शेवगावसारख्या कोरडवाहू भागांतून. पावसाळ्यातच मुकादमाकडून, म्हणजे मजुरांच्या टोळ्या पुरवणाऱ्याकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरला जातो. उचल फेडायची तर दोघांनाही फडात उभे राहावे लागते. आजी-आजोबा धडधाकट असतील तर मूल गावी राहते, नाही तर भांड्याकुंड्यांबरोबर तेही गाडीत बसते.

राज्यातल्या शाळा जूनमध्ये उघडतात आणि हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल चालतो. म्हणजे दुसरे सत्र जवळजवळ पूर्ण बुडते. नाव पटावर असते, मूल नसते. असे तीन-चार हंगाम गेले की पाचवीतले मूल दुसरीचे पुस्तक अडखळत वाचते. आपल्याला वर्गातले काहीच कळत नाही हे त्याला इतरांच्या आधी कळते आणि एका जूनला ते येतच नाही. याला ‘गळती’ म्हणतात. मला हा शब्द खटकतो, कारण त्यात सारा दोष मुलाकडे आणि घराकडे जातो. शाळेचे वेळापत्रक ठरवताना या घरांचा हंगाम कुणी विचारात घेतला नव्हता.

टोळी पहाटे चारच्या सुमारास फडात जाते. मागे कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, राहते आठ-दहा वर्षांची मुलगी. पाणी भरायचे, धाकट्याला कडेवर घ्यायचे, दुपारी फडात जाऊन वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधू लागायचे. म्हणून साखरशाळेच्या शिक्षकाचे पहिले काम फळ्यापाशी नसते. कोपी-कोपी फिरून मुले गोळा करावी लागतात. मुलीबरोबर धाकटाही येतो. त्याला बाहेर काढले तर तीही उठून जाते. शाळेला लागून बालवाडी असणे ही म्हणूनच चैन नव्हे. मुलीच्या शिकण्याची ती पहिली अट आहे. त्यातच एका खोलीत पहिली ते चौथीची, वेगवेगळ्या गावांची, वेगवेगळ्या धड्यांवर सोडून आलेली मुले. पाठ्यपुस्तक पुरे करण्याचा हट्ट इथे चालत नाही. कोण किती वाचतो हे पाहून गट करावे लागतात.

या शाळा स्वयंसेवी संस्था, काही कारखाने आणि सर्व शिक्षा अभियानाच्या मदतीने चालल्या. त्यांत ‘जनार्थ’ या संस्थेचे काम ठळक आहे. मर्यादाही होती. बैलगाडीवाले कारखान्याच्या तळावर महिनोन्‌महिने राहतात, त्यांची मुले सापडतात. ‘डोकी सेंटर’च्या टोळ्या ट्रकसाठी मोळ्या वाहत गावोगाव सरकतात. त्यांच्या मुलांपर्यंत ही शाळा फारशी गेली नाही.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. वयानुरूप वर्गात प्रवेश आणि एका शाळेतून दुसरीत जाण्याचा हक्क त्यात आहे. दाखला आणला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. या कायद्यानंतर अनौपचारिक साखरशाळा मागे पडल्या आणि मुलांना जवळच्या जिल्हा परिषद शाळेत घालण्याचे धोरण आले. तत्त्व बरोबरच आहे. या मुलांना दुय्यम शाळा का म्हणून? पण तळापासून शाळा दूर, मधे ट्रॅक्टर-ट्रकांनी भरलेला रस्ता आणि सकाळी पोचवायला घरात मोठे माणूस नाही. पर्याय उभा करण्याआधीच तळावरची शाळा मोडणे ही घाई होती. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने स्थलांतरित कामगारांच्या मुलांसाठी पर्यायी शिक्षण केंद्रांचा मार्ग पुन्हा मोकळा केला आहे.

दुसरा मार्ग हंगामी वसतिगृहाचा. आई-वडील गेले तरी मूल गावातच राहते, त्याच्या जेवणाची सोय होते आणि त्याच शाळेत, त्याच बाईंकडे शिकणे चालू राहते. शिकण्याच्या दृष्टीने हा मार्ग सरस आहे. मात्र त्याचे पैसे टोळ्या निघण्याआधी हातात पडले पाहिजेत. गाडीत बसलेले मूल नंतर मंजुरी आली म्हणून परत येत नाही. शिवाय वयात आलेल्या मुलीला मागे ठेवायला आईचे मन धजत नाही. तिच्यासाठी सुरक्षित निवास आणि रात्री थांबणारी बाईमाणूस नसेल, तर तिचे लग्न लवकर उरकले जाण्याचा धोका असतो.

जे मूल जातेच, त्याच्यासाठी ‘शिक्षण हमी कार्ड’ आहे. मूल कोणत्या वर्गात आहे, त्याला काय येते हे गावची शाळा त्यावर लिहून देते. तिकडच्या शाळेने ते पाहून मुलाला बसवायचे आणि परतताना पुढची नोंद करायची. मुकादमाला ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच माहीत असते की कोणता कोयता कोणत्या कारखान्याला जाणार. गावच्या मुख्याध्यापकांनी ती यादी त्याच्याकडून तेव्हाच घेतली, तर टोळी पोचण्याआधी तिकडच्या शाळेला फोन करता येतो.