क्रम जुळला नाही म्हणजे डेटा बिघडला, हा गैरसमज

"दोन्हीकडून फाइल काढा, डिफ लावा, जुळलं की मायग्रेशन पास." मायग्रेशन म्हणजे जुन्या डेटाबेसमधला डेटा नव्यात हलवणं, आणि डिफ म्हणजे दोन फाइली ओळीओळीने ताडून फरक दाखवणारी आज्ञा. मराठवाड्यात डेटाबेसचं काम करणाऱ्या आमच्या लोकांत हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. मागचा समज असा की, ओळी भरल्या त्याच क्रमाने बाहेर येतात. तसं अजिबात नाही. ऑर्डर बाय, म्हणजे कशावर क्रम लावायचा ते, दिलं नाही तर एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) क्रमाची कसलीच हमी देत नाही. लातूरच्या मोंढ्यातली सोयाबीनची एक पट्टी (विक्रीची पावती) पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये दुरुस्त केली, की त्या ओळीची नवी प्रत लिहिली जाते आणि ती यादीत भलतीकडेच दिसू शकते. डेटा मात्र शाबूत असतो.

शेतकऱ्याच्या नावावर सॉर्ट करणंही धोक्याचं, कारण दोन डेटाबेसचं कोलेशन, म्हणजे अक्षरांचा क्रम ठरवायचे नियम, वेगळं असू शकतं. पट्टी क्रमांकावर लावा.

असा क्रमांकच नसेल तर? प्रत्येक ओळीचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा आकडा, काढून बेरीज करा. बेरजेला क्रम लागत नाही. काही जण बेरजेऐवजी एक्सॉर (आकडे बिटबिट ताडून एकत्र करायची क्रिया) करतात, ते कृपा करून टाळा. हुबेहूब सारख्या दोन ओळी एक्सॉरमध्ये एकमेकींना खोडतात, मग दोन्ही गळाल्या तरी उत्तर तेच! ओळींची संख्याही सोबत ताडून पाहा. फरक शोधताना नुसतं एक्सेप्ट (एका यादीत आहे पण दुसरीत नाही ते दाखवणारी एसक्यूएलची आज्ञा) नको, एक्सेप्ट ऑल वापरा. नुसतं एक्सेप्ट दुबार ओळी गिळतं.

हॅशच्या आधी मजकूर एकसारखा करून घ्या. 'शेतकऱ्या'तला ऱ एका कोडपॉइंटचा (युनिकोडमध्ये चिन्हाला दिलेला क्रमांक) असतो, किंवा र आणि नुक्ता मिळून दोनांचा. डोळ्यांना सारखाच, हॅश वेगळा.