गाडी गुणगुणते, पण हलत नाही

सोलापुरात गड्ड्याची जत्रा उठली की पंधरा दिवसांत माझ्याकडं खेळण्यातल्या आगगाड्या दुरुस्तीला यायला लागतात. होम मैदानावरच्या दुकानांतून घेतलेल्या, सेलवर चालणाऱ्या. यंदा पहिली आणली भाच्यानं. "मामा, आवाज येतोय, पण गाडी हलंना."

त्या एका वाक्यात अर्धं निदान झालं होतं. आवाज येतोय म्हणजे सेल, वायर, स्विच आणि मोटर ठीक आहेत. दोष मोटरच्या पुढं, गिअरमध्ये. गाडी अगदीच मुकी असेल तर बहुधा विजेची वाट कुठंतरी तुटलेली असते. स्क्रू काढायच्या आधी कान लावावा.

इंजिनाच्या पोटातली मोटर अंगठ्याच्या पेराएवढी. दोन सेलच्या ३ व्होल्टवर ती मिनिटाला हजारो फेरे घेते. ६,००० धरू, म्हणजे सेकंदाला १००. चाक २ सेंटिमीटर व्यासाचं असेल तर एका फेऱ्यात सव्वासहा सेंटिमीटर अंतर जातं. मोटर थेट चाकाला जोडली तर कागदावर वेग निघतो ताशी बावीस किलोमीटर! प्रत्यक्षात गाडी जागची हलायची नाही, कारण मोटरला वेग भरपूर पण जोर थोडा. म्हणून मध्ये गिअर. ८ दात्यांचं पिनियन, म्हणजे मोटरच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चाक, ३२ दात्यांचं चाक फिरवतं तेव्हा वेग चौथाईवर येतो आणि घर्षणात जाईल तेवढा सोडला तर जोर चौपट होतो. अशा दोन जोड्या लावल्या की सोळापट. मागावर काम केलेल्या सोलापूरकराला हे वेगळं सांगायला नको. धोट्याच्या यंत्रमागात क्रँक शाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा खालच्या शाफ्टचा एक होतो, तो दात्यांच्या याच हिशेबानं.

भाच्याच्या गाडीत पिनियनला केसाएवढी चीर होती, नेमकी दोन दात्यांमधल्या खाचेत. पिनियन मोटरच्या २ मिलिमीटरच्या पोलादी दांड्यावर दाबून बसवतात. पकड यावी म्हणून त्याचं भोक दांड्यापेक्षा किंचित लहान ठेवलेलं असतं. त्यामुळं गाडी कपाटात पडून असली तरी ते प्लास्टिक रात्रंदिवस ताणलेलंच राहतं. अशा ताणाखाली ते कालांतरानं तडकतं, आणि तडकतं तिथं, जिथं त्याची भिंत सगळ्यात पातळ. मग पकड सुटते, दांडा आतल्या आत फिरत राहतो.

पुष्कळ जण इथं झटपट चिकटणारा गोंद लावतात. मी लावू देत नाही. चिरेमुळं त्या दोन दात्यांतलं अंतर वाढलेलं असतं, त्यामुळं गाडी चालली तरी दर फेऱ्याला टकटक करते. शिवाय गोंद मोटरच्या बेअरिंगमध्ये उतरला तर मोटरच जाते. नवं पिनियन बसवावं. जुन्याचे दाते मोजा, त्यात २ मिळवा आणि त्या बेरजेनं बाहेरच्या व्यासाला भागा. ८ दाते आणि व्यास ५ मिलिमीटर असेल तर उत्तर ०.५. याला मॉड्यूल म्हणतात. तो जुळला नाही तर दाते दात्यांत बसत नाहीत.

दुसरी गाडी शेजारच्या मुलीची, अगदी मुकी. सेल थेट मोटरच्या दोन पत्र्यांना लावले तर मोटर फिरली. मग हलक्या हातानं एकेक वायर ओढून पाहिली. लाल वायर सोल्डरपाशी रबरासारखी ताणली गेली. वरचं वेष्टण अखंड, आतली तांब्याची तार तुटलेली. वायर बहुतेक वेळा इथंच तुटते. सोल्डर वितळताना तारांच्या फटींतून वर चढतं आणि तेवढा भाग कडक होतो. पुढचा भाग लवचीक असल्यानं प्रत्येक हिसक्याचा वाक कडक भागाच्या सीमेवरच येतो, आणि तांबं थकून तुटतं. पिनियनही तसं सांध्यावरच गेलं होतं, पोलाद आणि प्लास्टिक भेटतात तिथं.

म्हणून नुसता नवा डाग देऊन भागत नाही. जोडापासून सेंटिमीटरभर पुढं ग्लू गनच्या गोंदाचा थेंब टाकून वायर इंजिनाच्या अंगाला चिकटवली, म्हणजे हिसका जोडापर्यंत पोचत नाही. वायरी काढण्याआधी कुठली कुठं होती याची खूण करा. अदलाबदल झाली तर गाडी उलटी धावते.

त्याच गाडीत स्प्रिंगवर पांढरी भुकटी साचली होती. अल्कलाइन सेलमधलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड गळून हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळतं, त्यातून ती तयार होते. उघड्या हातानं चोळू नका. कापसावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसा, मग कोरडं करा. उष्णतेनं सेल लवकर गळतात, आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा खेळून झालं की सेल बाहेर काढून ठेवा.